वांझ पतंग आणि आपली पऱ्हाटी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



अणुशक्ती म्हटले की हिरोशिमा आठवते, नाहीतर पोखरण. तिचा आपल्या पऱ्हाटीशी काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो थेट बोंडाशी आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने जाहीर केले की त्यांच्या कापसातली गुलाबी बोंडअळी, म्हणजे आपली जुनी शेंदरी अळी, संपली. आटोक्यात आली असे नव्हे, संपली. आदल्याच साली, २०१७ च्या हंगामात, याच अळीने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडे पोखरली होती. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. पीक तेच, अळी तीच. मग त्यांनी केले काय?

फिनिक्स शहरातल्या कारखान्यात त्यांनी अळ्या वाढवल्या, कोट्यवधींनी. खाद्यात लाल रंग घातला, म्हणजे सापळ्यात पतंग सापडला की कारखान्यातला कोणता आणि शेतातला कोणता, हे कळते. त्या पतंगांना कोबाल्टच्या किरणांचा मोजका मारा दिला आणि विमानाने कापसावर सोडले. असा पतंग उडतो, जोडीही जमवतो. पण त्या जोडीची पुढची पिढी उभी राहत नाही. एक्स-रे काढला म्हणून माणूस किरणोत्सर्गी होत नाही, तसा हा पतंगही होत नाही.

आता हिशेब बघा. शेतातल्या एका पतंगामागे वांझ पतंग पुष्कळ लागतात. अळी बोकाळली असेल तर कितीही विमाने आणा, पुरणार नाहीत. म्हणून तिकडे बीटी कापूस, कामगंधाचा वापर आणि हंगाम संपताच ठरल्या तारखेच्या आत पऱ्हाट्या मोडून गाडणे, हे सगळे बरोबरच चालले. ॲरिझोना राज्यात २००५ साली या किडीची संख्या अंदाजे २०० कोटींच्या वर होती. २००६ ला काम सुरू झाले, २०१३ ला ती शून्यावर आली.

पतंगाला सरहद्द कळत नाही. म्हणून पलीकडे मेक्सिकोच्या चिवावा, सोनोरा भागातही तीच मोहीम चालवावी लागली. कॅलिफोर्नियाच्या कापूसवाल्यांनी तर गाठीमागे पैसे काढून हे काम चालवले.

शत्रू देशसुद्धा यात एकत्र आले आहेत. १९८६ साली अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले. १९८८ मध्ये त्याच लिबियात, जिवंत जनावराच्या जखमेत अळ्या घालणारी अमेरिका खंडातली माशी शिरली. तेव्हा मेक्सिको आणि अमेरिकेने मिळून चालवलेल्या कारखान्यातल्या वांझ माश्या विमानाने लिबियात गेल्या. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी हे जुळवून आणले. १९९१ मध्ये माशी तिथून गेली. (पहारा ढिला पडला की काय होते, तेही बघा: हीच माशी २०२३ पासून पनामातून वर सरकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पोचली.)

व्हिएन्नाची ही संस्था १९५७ ची. भारत तिचा पहिल्यापासूनचा सभासद. आपल्याकडेही हे ज्ञान नाही असे नाही. टॅग-२४ भुईमूग आपल्यापैकी कित्येकांनी पेरला आहे. त्यातला 'टी' ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राचा आणि 'ए' अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा.

तरीही उद्या कोणी 'अणूचे पतंग' पुडीत घालून विकायला आला, तर त्याला दारात उभा करू नका. एकट्याच्या पाच एकरांत हे चालत नाही. शिवाय तिकडे अळी बीटीला सरावलेली नव्हती, आपल्याकडे ती सरावली आहे. म्हणजे संख्या खाली आणण्याचे ओझे आपल्यावर जास्त. फरदड ठेवायची, बांधावर पऱ्हाट्यांची गंजी रचायची आणि जूनमध्ये अळीच्या नावाने बोटे मोडायची, हे आता बंद करावे लागेल.

आमचे म्हणणे असे. ट्रॉम्बे आणि अकोला यांनी एक तालुका घेऊन वांझ पतंगांचा प्रयोग करावा, अशी मागणी आपण करू. पण त्या तालुक्याने आधी दोन हंगाम डिसेंबरअखेर शिवार मोकळे करून दाखवावे, जिनिंगच्या आवारातही सापळे लावावेत आणि पतंगांची मोजणी वहीत ठेवावी. कोणता तालुका पुढे येतो, ते जेवणानंतरच्या बैठकीत ठरवू.