खो घालणे आणि खो देणे



व्यवहारात ‘खो घालणे’ म्हणजे चालत्या कामात विघ्न आणणे होय. मैदानावर मात्र ‘खो देणे’ म्हणजे कामास वेग देणे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खो-खोस नियमबद्ध केले, त्यात पाठलाग करणारे नऊजण असतात. पण धावतो एका वेळी एकच. त्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. म्हणून बसलेल्या आठांपैकी योग्य गड्यास वेळेवर खो देणे, यातच त्याचे कौशल्य.

शाळेपासून दुरावू लागलेले मूल परत आणणे हेही एकट्याचे काम नव्हे. वर्गशिक्षकांच्या दोन फेऱ्या व्यर्थ गेल्या, तर त्या घराशी घरोबा असलेल्या सहकाऱ्यास त्यांनी निःसंकोच खो द्यावा. त्या सहकाऱ्यानेही ‘हा माझा वर्ग नव्हे’ असे म्हणू नये. मुख्याध्यापकांनी सारी धाव स्वतःच घेऊ नये. गडी बाद झाला की गुण संघाच्या नावे लागतो. मूल वर्गात परतले की श्रेयही साऱ्या शाळेचे मानावे. ही वृत्ती आपल्या शाळांत रुजावी, एवढीच विनंती.