रायपूरचे सण आणि रंगमंच

रायपूर हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील श्रोत्याच्या मनात बहुधा मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक मोठे स्थानक उभे राहते. नागपूर मागे पडते, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ही गावे ओलांडीत गाडी रायपुरास येते आणि पुढे बिलासपूरकडे निघून जाते. नागपूरपासूनचे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत पावसाळ्याच्या दिवसांत डब्याच्या खिडकीतून दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसत राहतात. रायपूरचे सण समजून घ्यावयाचे तर ही खाचरे डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. तेव्हापासून शहर झपाट्याने वाढले. मंत्रालय, सभागृहे, भव्य मैदाने आली. परंतु तेथील माणसाच्या वर्षाचा हिशेब अजून पुष्कळसा भाताच्या पेरणी-कापणीवर चालतो.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाचा पहिला गोंधळ महिन्यांच्या नावांत होतो. छत्तीसगडात महिना पौर्णिमेला पुरा होतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात एकाच दिवसाला दोन प्रांतांत दोन महिने लागतात. हरेलीचा सण तिकडे श्रावण अमावास्येचा; मराठी पंचांगात तीच आषाढाची दिव्यांची अवस. पोळा तिकडे भाद्रपदात पडतो आणि इकडे श्रावणात. चंद्र तोच, बैलही तेच.

हरेलीच्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे धुऊनपुसून अंगणात मांडतात, त्यांची पूजा करतात, तांदळाच्या पिठाच्या चिल्यांचा नैवेद्य दाखवितात. दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात. पोरांचा आनंद मात्र गेडीत असतो. दोन उंच बांबूंना पाऊल टेकण्यापुरता आधार बांधावयाचा आणि त्यावर तोल सांभाळीत गावच्या चिखलातून चालावयाचे, हा तो खेळ. चिखल नसेल तर गेडीत अर्थ नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पोळ्याला मुलग्यांना मातीचे नंदी मिळतात आणि मुलींना मातीची चूल, भांडी, जाते. विदर्भातील तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ज्यांनी ओढले आहेत त्यांना हा मातीचा बैल परका वाटणार नाही. परंतु पोळ्याचे खरे महत्त्व तेथील घरात निराळे आहे. पोळा आटोपला की भाऊ किंवा बाप लेकीला आणावयास निघतो, कारण तिसऱ्या दिवशी तीजा असते. महाराष्ट्रात जी हरितालिका तीच ही तिथी. भाद्रपद शुद्ध तृतीया. पण महाराष्ट्रातील हरितालिका कुमारिकाही पुजतात आणि सुवासिनीही, ज्या त्या आपापल्या घरी. छत्तीसगडातील तीजा माहेरी करावयाची असते. लग्न होऊन दोन वर्षे झालेली मुलगी असो की नातवंडे झालेली म्हातारी असो, तिला माहेरचे बोलावणे आलेच पाहिजे. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खावयाचा, याला ‘करू भात’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, रात्री जागरण, आणि मग माहेरची नवी साडी. आईबाप गेले असले तर भाऊ नेतो, भाऊ नसला तर पुतण्या येतो. साडी भारी की हलकी हा प्रश्न दुय्यम. कोणी तरी न्यावयास आले, यात तिचे सारे वर्षाचे समाधान असते. त्या दोन-तीन दिवसांत रायपूरच्या कित्येक घरी चूल पुरुषांच्या गळ्यात पडते, आणि तिचे विनोद महिनाभर पुरतात.

२०१९ साली राज्य सरकारने हरेली आणि तीजा या दिवसांना सार्वजनिक सुट्टी दिली. नोकरी करणाऱ्या स्त्रीला त्याचा उपयोग झाला यात संशय नाही. माहेरी जाण्यासाठी रजेचा अर्ज करताना कारण काय लिहावे, हा प्रश्न तरी मिटला.

मराठ्यांच्या राजवटीची आठवणही रायपूरच्या सणांत मुरली आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची रीत त्यांनी इकडे आणली असे तेथील लोक सांगतात. आज रायपुरात सोनपत्ती देणाऱ्या कित्येकांना बिंबाजींचे नाव ठाऊक नसेल. पाने मात्र हातोहात फिरतात. पुढे इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने १८१८ च्या सुमारास ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले आणि मराठी कुटुंबांपैकी काही त्या ओघात येथे स्थिरावली. याच मराठी मंडळींतून माधवराव सप्रे निघाले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. लोकमान्यांच्या गीतारहस्याचा आणि समर्थांच्या दासबोधाचा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. या मासिकाच्या कामी त्यांना वामनराव लाखे यांची साथ होती. गणेशविसर्जनाच्या दिवसांत रायपुरात निघणाऱ्या झाक्यांची मिरवणूक, म्हणजे दिव्यांनी झगमगणारे हलते देखावे, रात्रभर चालते. जयस्तंभ चौक, सदर बाजार, जुनी वस्ती असे करीत ती महादेव घाटाकडे जाते, आणि वाटेत लाखेनगर लागते. राजनांदगावच्या झाक्याही या रात्री येतात. पौराणिक प्रसंगांचे देखावे पाहण्यासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे दुकानांच्या पायऱ्यांवर चादरी अंथरून बसलेली असतात.

महादेव घाट शहराला लागूनच खारून नदीवर आहे. तेथील हाटकेश्वराचे देऊळ पंधराव्या शतकाच्या आरंभी, कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळी, हाजिराज नायकाने बांधले, असे शिलालेखावरून कळते. कार्तिकी पौर्णिमेला या घाटावर पुन्नी मेळा भरतो. पुन्नी म्हणजे पौर्णिमा. पहाटेच्या थंडीत स्नान, दर्शन, मग जत्रा. तोवर दिवाळी होऊन गेलेली असते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोंड वस्त्यांत मातीचे गौरा-गौरी करून त्यांचे लग्न लावतात आणि सकाळी त्यांना तळ्यात पोहोचवितात. टोपलीत मातीचा पोपट ठेवून त्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर स्त्रिया सुआ नाच करतात. राऊत म्हणजे गुराखी हातात काठी घेऊन, कवड्यांनी मढलेले पोशाख घालून, दोहे म्हणत दारोदार फिरतात. डिसेंबरच्या १८ तारखेस गुरू घासीदासांच्या जयंतीला सतनामी समाजाचे पंथी नृत्य होते. मांदर आणि झांज यांची लय वाढत जाते तशी नर्तकांची पावले इतकी जलद पडू लागतात की पाहणाऱ्याची दृष्टी ठरत नाही.

या सर्वांत मोठी यात्रा राजिमची. रायपूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. काठावर राजीवलोचनाचे पुरातन विष्णुमंदिर, आणि संगमाच्या पात्रात कुलेश्वर महादेव. राजीवलोचन मंदिरात ११४५ चा शिलालेख आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे लोक येत आले आहेत आणि त्याला पुन्नी मेळा म्हणत आले आहेत. राज्य झाल्यावर या मेळ्यास ‘राजिम कुंभ’ म्हणण्यास प्रारंभ झाला आणि २००६ साली तसा कायदा झाला. २०१९ साली कायदा दुरुस्त होऊन ‘माघी पुन्नी मेळा’ हे नाव परत आले. २०२४ साली पुन्हा दुरुस्ती झाली आणि तो ‘राजिम कुंभ कल्प’ झाला. कुंभ या नावाने देशभरचे साधुसंत आले, मांडव वाढले, सोयी सुधारल्या, हे मान्य करावयास हवे. परंतु पुन्नी या शब्दात जो शेजार आहे तो कुंभात नाही. पुन्नी मेळ्याला बैलगाडीतून शिधा बांधून जावयाचे असते, वाळूत चूल मांडावयाची असते. कुंभाला जावयाचे ते दर्शनार्थी म्हणून. नाव बदलले की येणाऱ्याची भूमिका थोडी बदलते, आणि हा बदल कायद्याच्या कलमांत दिसत नाही.

हाच प्रश्न रायपूरच्या करमणुकीत अधिक तीव्रतेने उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात एका माणसाची पंधरा वर्षे गेली. तो वृत्तांत मराठी श्रोत्यांनी अवश्य ऐकण्यासारखा आहे.

छत्तीसगडचे लोकनाट्य ‘नाचा’. त्यातील विनोदी प्रसंगाला म्हणतात ‘गम्मत’. हा शब्द ऐकताच मराठी कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. पूर्व विदर्भातील खडी गंमत याच घराण्यातील. मराठी फौजांच्या तळावरील करमणुकीतून नाचाचा उगम झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. नाचात स्त्रीभूमिका पुरुष करीत. ‘परी’ डोक्यावर कळशी घेऊन नाचत येई, ‘जोक्कड’ म्हणजे विदूषक सावकाराची, पुढाऱ्याची, भोंदू साधूची टर उडवी. रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस नाचाची नामांकित मंडळी बांधली. कार्यक्रम रात्री जेवणे झाल्यावर सुरू होई आणि उजाडल्यावर संपे. लिखित संहिता नाही; प्रेक्षक हसले तर प्रसंग लांबावयाचा, पेंगले तर गाणे घ्यावयाचे.

हबीब तनवीर यांचा जन्म रायपूरचा, १९२३ चा. मुंबई, दिल्ली आणि मग इंग्लंडात नाट्यशिक्षण, असा प्रवास करून ते १९५८ साली रायपुरास आले असता आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर नाचा आहे असे त्यांना कळले. ते रात्रभर बसून राहिले. ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम, बाबूदास या नटांचे काम पाहून त्यांनी काही जणांना दिल्लीस नेले आणि त्याच वर्षी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा ‘मिट्टी की गाडी’ हा प्रयोग केला. १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ निघाले. आता गंमत अशी की, जे नट गावात प्रेक्षकांना पहाटेपर्यंत खिळवीत तेच दिल्लीच्या मंचावर अवघडून उभे राहू लागले. त्यांना हिंदीतून बोलावे लागे, आणि या वाक्याला उजवीकडे चार पावले, त्या वाक्याला डावीकडे, असे आखून दिलेले असे. उणीव कोठे आहे हे तनवीरांना उमगावयास बराच काळ लागला. नट छत्तीसगडीत बोलावेत आणि त्यांनी हवे तसे हिंडावे, इतकेच ते उत्तर होते. १९७३ साली रायपुरात त्यांनी नाचाची कार्यशाळा भरविली. तीन जुन्या गम्मती एकत्र गुंफून ‘गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दामाद’ हे नाटक उभे राहिले. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आला. त्यात सतनामींची पंथी गीते आली. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्याला ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. तनवीर २००९ साली निवर्तले.

म्हणजे मंचामुळे लोककला मरते, ही समजूत अर्धवट आहे. मंचावर नटाची बोली आणि त्याचा वेळ काढून घेतला की ती मरते. रायपुरात दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सुमारास राज्योत्सव होतो. अलीकडे तो नवा रायपूर येथे भरतो. त्यात मुंबईचे चित्रपटगायक येतात आणि नाचा, पंडवानी, पंथी यांनाही स्थान असते. २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला. देशोदेशींचे नर्तक आले. तेथे प्रत्येक पथकाला ठरलेली मिनिटे. पंथीची लय चढू लागावी आणि निवेदकाने आभार मानावेत, हे दृश्य अशा मंचावर नवे नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये ‘छत्तीसगढिया ऑलिम्पिक’ भरले. त्यात फुगडी होती, विटीदांडू होता आणि गेडीची शर्यतही होती. चिखलाविना, शिट्टीवर. तरीही ज्या शहरी मुलाने गेडी कधी पाहिली नव्हती त्याच्या हाती ती आली, हे नाकारता येणार नाही.

त्या मानाने लहान उत्सवांना अधिक सैल वेळ मिळतो. इप्टाच्या रायपूर शाखेचा नाट्यसमारोह गजानन माधव मुक्तिबोध यांच्या नावाने होतो. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी; धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे मान्यवर कवी; आणि गजाननराव हिंदीचे. १९५८ पासून ते राजनांदगावच्या महाविद्यालयात शिकवीत. मराठी घरातील या हिंदी कवीच्या नावाने छत्तीसगडच्या राजधानीत नाटके होतात, यात तेथील कोणालाही काही विशेष वाटत नाही.

पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. भात कापून, झोडून कोठीत भरलेले असते. सकाळपासून मुलांच्या टोळ्या पिशव्या आणि टोपल्या घेऊन दारोदार धान्य मागत फिरतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही; श्रीमंताचा मुलगाही मागतो, आणि अलीकडच्या वर्षांत मुख्यमंत्र्यांनीही रायपूरच्या दूधाधारी मठाच्या परिसरात धान मागितले आहे. शहरातील नव्या सदनिकांत कोठी नसते, धानही नसते. तेथे घरमालकीण पेलाभर तांदूळ आणते, नाही तर नाणे काढते. मुले ते पिशवीत टाकतात आणि पुढच्या दाराची घंटा वाजवितात.