सरकारी कार्यालय आणि स्वसंरक्षणाचे शस्त्र

स्वसंरक्षणासाठी परवाना काढलेले पिस्तूल कमरेला लावून नागरिकाला सरकारी कार्यालयात जाता यावे की नाही, हा वाद अमेरिकेतील न्यायालयांपुढे वरचेवर येतो. परंतु मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून जेथे गुंठ्यागुंठ्यावरून भावकीत वैर पेटते, त्या पुणे जिल्ह्यातील मावळालाही तो आता परका राहिलेला नाही.

1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगणे हा आपल्याकडे नागरिकाचा हक्क नसून शासनाने पारखून दिलेली परवानगी आहे, आणि ती देणारा अधिकारीही मावळात एकच नाही. लोणावळ्याच्या रहिवाशाला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर तळेगावच्या रहिवाशाला 2018 साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असावे लागते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदल तळावर फाटकाशीच सशस्त्र पहारा असतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवतो तहसील, दुय्यम निबंधक आणि नगरपरिषद अशा कार्यालयांत, जेथे जमिनीच्या फेरफाराच्या नोंदीसाठी आलेले दोन्ही पक्ष एकाच व्हरांड्यात तासन्‌तास समोरासमोर बसतात.

खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव व मालमत्ता वाचविण्यासाठी बळ वापरण्याची मुभा, भारतीय न्याय संहितेने मान्य केला असला, तरी सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्यास अवधी असेल तेथे हा हक्क मिळत नाही. उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात 2 फेब्रुवारी 2024 रोजी एका तत्कालीन आमदारांनी अधिकाऱ्याच्या दालनातच गोळीबार केल्याचा आरोप झाला आणि त्यांनी तो मुलाच्या रक्षणासाठी केल्याचे सांगितले. त्याचा निवाडा न्यायालय करील, पण भरलेले पिस्तूल त्या दालनापर्यंत पोहोचलेच कसे, याचे उत्तर यंत्रणेनेच द्यावयास हवे.

तथापि शस्त्र बाहेर ठेवा असे सांगणाऱ्या शासनावर त्या माणसाच्या जिवाची जबाबदारी येते, आणि ती तळेगावात पार पडली नाही. 12 मे 2023 रोजी भरदुपारी तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या कार्यालयातून बाहेर पडत असताना जनसेवा विकास समिती या स्थानिक संघटनेचे नेते किशोर आवारे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, कोयत्याने वार झाले आणि त्यात त्यांचा अंत झाला. अशा अचानक आणि अनेकांनी मिळून केलेल्या हल्ल्यात कमरेचे पिस्तूल बाहेर येईपर्यंत सारे संपलेले असते, आणि ते बाहेर आलेच, तर दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसे दोन्हीकडच्या गोळ्यांच्या मध्ये सापडतात.

म्हणून परवाने वाढवीत बसण्यापेक्षा वडगाव, तळेगाव आणि लोणावळ्याच्या प्रत्येक सरकारी कार्यालयाच्या दाराशी धातुशोधक यंत्र, शस्त्र जमा करून पावती देणारा पोलिस आणि चालू स्थितीतील कॅमेरा असावा, अशी मागणी मावळच्या नागरिकांनी ग्रामसभेत आणि नगरपरिषदेकडे लेखी नोंदवावी.