रेफरल मागून मिळत नाही, मग मिळतं कुठून?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला : "ताई, एक्झिक्युटिव्ह कोचिंगचा कोर्स केला, सर्टिफिकेट आलं, आता क्लायंट कुठून आणू?"

आधी माझीच फजिती सांगते. नोकरी सोडली तेव्हा फोनमध्ये आठशेच्या वर नंबर होते. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना एकच मेसेज ढकलला : "मी आता लीडरशिप कोच आहे, कोणाला गरज असेल तर सांगा." भरपूर अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले, एका काकांनी उत्तरादाखल गुड मॉर्निंगचा फोटो पाठवला. काम मात्र एकही नाही.

कारण या धंद्यात माल दाखवता येत नाही. केक करणारी केकचा फोटो इन्स्टावर टाकते. पण एखाद्या कंपनीचा व्हीपी "मीटिंगमध्ये माझा राग आवरत नाही, म्हणून कोच घेतलाय" असं स्टेटसला ठेवेल का? सगळं बंद दाराआड चालतं. ज्याने तुमचं काम पाहिलं, तोच त्याबद्दल बोलणार नाही. मग तुमच्यासाठी शब्द टाकणार कोण?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा 1973 चा एक निबंध फार गाजला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून ही खबर मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी, असं म्हणणारे फक्त 17 टक्क्यांच्या आसपास. निम्म्याहून जास्त म्हणाले, अधूनमधून. जवळच्या मित्रांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीकडे असते. हा अभ्यास नोकरीचा आहे, कोचिंगचा नाही, पण माझ्या अनुभवाशी तो जुळतो.

गूगलचंच बघा. 2001 मध्ये एरिक श्मिट तिथे सीईओ झाले. बोर्डावरचे गुंतवणूकदार जॉन डोर त्यांना म्हणाले, बिल कॅम्पबेलला कोच म्हणून घे. श्मिट आधी चिडलेच, मला कशाला कोच! पुढे तेच जाहीरपणे सांगू लागले की हा सल्ला अमूल्य होता. इथे शब्द टाकला तो दोघांनाही ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसाने.

तुमच्यासाठी हा तिसरा माणूस कोण? एचआरवाले, जुने बॉस, आणि ज्यांना आपण स्पर्धक समजतो ते दुसरे कोच! माझं पहिलं पैशाचं काम एका सीनियर कोच मॅडमनी पाठवलं. त्या एका डायरेक्टरांच्या कोच होत्या आणि कंपनीला त्याच डायरेक्टरांच्या हाताखालच्या मॅनेजरसाठीही कोच हवा होता. साहेब आणि हाताखालचा, दोघांचं गुपित एकाच पोटात ठेवणं अवघड, म्हणून त्यांनी माझं नाव दिलं. ओळख कुठली? सर्टिफिकेटसाठी सराव करताना मी त्यांच्यासमोर चार सेशन घेतली होती. आयसीएफच्या पहिल्या पायरीला, एसीसीला, किमान 100 तासांचं कोचिंग लागतं. अनेक जण हे तास कसेबसे भरतात. अहो, तुमचं काम कोणी डोळ्यांनी पाहण्याची तीच तर संधी आहे!

आता जे सांगायला जड जातंय ते. त्याच कंपनीच्या एचआर हेडनी मला आणखी दोन मॅनेजर दिले. एकदा चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "काय हो, आपला माणूस टिकेल ना?" मी म्हणाले, "सध्या जरा अस्वस्थ आहे." एवढंच. मला वाटलं, मी काहीच सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी त्याच्याकडचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्याला गेला. त्याने मला फोन केला नाही, भांडला नाही. उरलेली सेशन्स रद्द केली. ज्या एचआर हेडना खूश ठेवायला मी बोलले, त्यांनीही पुन्हा काम दिलं नाही. का देतील? मी तोंड उघडते हे त्यांना आता माहीत होतं.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मी तिघांना एकत्र बसवते : क्लायंट, त्याचा बॉस आणि एचआर. ध्येय काय, किती सेशन्स झाली, हे कंपनीला कळेल. आत काय बोललो ते कळणार नाही. हे कागदावर लिहून घेते. एकदा एक एचआरवाल्या म्हणाल्या, "मग आम्हाला रिपोर्ट काय मिळणार?" मी म्हटलं, तो स्वतः सांगेल तेवढाच. ते काम गेलं. घरभाडं भरायचं होतं, रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू?

कमिशनचंही बऱ्याच जणांनी विचारलंय. कोणी काम पाठवलं म्हणून पैसे देणार-घेणार असाल, तर ते क्लायंटला आधी सांगा; आयसीएफची आचारसंहिताही हेच म्हणते. मी देत नाही. मॅडमना फोन करून एवढंच कळवते की भेट झाली, काम सुरू झालं. आतलं काही नाही. आणि माझ्या आवाक्याबाहेरचं काम आलं, की त्यांचंच नाव पुढे करते.

त्या मॅनेजरला मी माफीचा मेल लिहिला होता. उत्तर आलं नाही.

पुढच्या भागात फी कशी सांगायची ते बोलू. चला, भेटू!