सदाचाराच्या पलीकडे

जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंच्या घरांत लेणीं कोरलेलीं आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीचे कडे, जेथें जावें तेथें भिक्षूंच्या लहान लहान खोल्या दिसतात. कित्येक ठिकाणीं ब्राह्मी लिपींतील लेख आहेत. कोणी खोली दिली, कोणी पाण्याची टांकी खोदविली, कोणी शेत लावून दिलें, त्या दात्यांचीं नांवें त्यांत वाचावयास मिळतात. दूरदेशच्या यवनांचींहि नांवें त्यांत आहेत. परंतु त्या दगडी खोल्यांत ज्यांनीं जन्म घालविला, त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज कोणासहि ठाऊक नाहींत. आपल्याजवळचें कांहीं देणें ही एक गोष्ट आहे, आणि स्वतःस देऊन टाकणें ही अगदीं निराळी. ख्रिस्ताच्या शिष्यत्वाचें मर्म याच भेदांत आहे.

शुभवर्तमानांत एका श्रीमंत मनुष्याची हकीकत आहे. खून, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष यांपैकीं एकहि पातक त्याच्या हातून घडलें नव्हतें; आईबापांचा मानहि त्यानें राखला होता. येशूनें त्याच्याकडे प्रेमानें पाहिलें आणि त्याच्या ठायीं एकच उणें असल्याचें सांगितलें. जवळ असेल तें विकून गोरगरिबांस वाटावें, आणि मग आपल्यामागें यावें, एवढीच आज्ञा झाली. तो खिन्न होऊन परत गेला. तो दुराचारी होता म्हणून परत गेला असें नाहीं. मालमत्तेप्रमाणें सदाचारहि त्याच्या मालकीचाच होता. मालकी तेवढी त्यास सोडवेना.

डोंगरावरील प्रवचनांत हाच विचार अधिक खोल नेला आहे. हात रक्तानें माखला नाहीं एवढ्यानें मनुष्य निर्दोष होत नाहीं, मनांतील क्रोधाचाहि झाडा द्यावा लागतो. वेदीपाशीं अर्पण घेऊन गेलेल्या मनुष्यास आपला भाऊ आपल्यावर रुष्ट असल्याचें स्मरलें, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं भावाशीं समेट करावा, आणि मग देवापुढें यावें असें तेथें सांगितलें आहे.

ही गोष्ट जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यास निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. एका विहिरीवर दोघां भावांच्या पाळ्या असतात. थोरला भाऊ सचोटीचा. धाकट्याच्या पाळींतील घटकाभरहि पाणी तो घेत नाहीं, बांध वीतभर सरकवीत नाहीं, कोणाचें देणें बुडवीत नाहीं. गांवांत त्याच्या शब्दाला वजन आहे. परंतु कोणे एके काळीं वाटणीवरून शब्दाला शब्द लागला, तेव्हांपासून त्यानें धाकट्याच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीं. चैत्रांत धाकट्याचें पीक डोळ्यांदेखत वाळतें, आणि थोरला आपल्या हक्काच्या पाळीचें पाणी आपल्याच शेताला देतो. यांत त्यानें कोणता नियम मोडला? एकहि नाहीं. आणि म्हणूनच त्याचा रोग त्याला दिसत नाहीं. जेथें नियम मोडलेला नसतो, तेथें पश्चात्तापास वाट सांपडणें कठीण होतें.

याच मुलुखांत, ओतूर येथें, बाबाजी चैतन्यांची समाधि आहे. परंपरेप्रमाणें तुकोबांस स्वप्नांत उपदेश करणारे गुरु ते हेच. तुकोबांनीं कर्जाचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तींतील एक बारकावा पुष्कळदां सुटतो. अर्धीं खतें त्यांनीं धाकटा भाऊ कान्होबा याच्या स्वाधीन केलीं, आणि आपल्या वांट्याचीं तेवढींच बुडविलीं. त्याग आपल्या वस्तूचा करावयाचा असतो, दुसऱ्याच्या नव्हे.

तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें म्हणणारे मराठी कवि नारायण वामन टिळक होत. १८९३ सालीं आगगाडींतील एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. दिलेल्या वचनाखातर त्यांनीं तो वाचावयास घेतला, आणि डोंगरावरील प्रवचनाशीं त्यांचें मन खिळून राहिलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात, आप्त, लौकिक, सर्व एका दिवसांत सुटलें.

परंतु त्या त्यागाचें ओझें एकट्या टिळकांच्या खांद्यावर पडलें नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांनीं हा त्याग मागितला नव्हता, त्यांच्यावर तो येऊन कोसळला होता. पुढें त्या पतीकडे परत आल्या तरी आपलें सोंवळें त्यांनीं सांभाळलें, स्वयंपाक व पाणी निराळें ठेविलें. वर्षानुवर्षें पाळलेला आचार त्यांनीं अखेर सोडला, तो कोणाच्या धाकानें नव्हे. देवानें माणसेंच निर्माण केलीं, जाती माणसांनीं केल्या, हें त्यांच्या स्वतःच्या मनास पटलें म्हणून. १९०० सालीं त्यांचाहि बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रें’ या आत्मकथेंत त्यांनीं हें सर्व हंसत हंसत सांगितलें आहे. त्या हंसण्याखालचें दुःख वाचकाला जाणवल्याशिवाय राहत नाहीं. शिष्यत्वाच्या तराजूंत कोणाचें पारडें जड, याचा निवाडा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

टिळकांचा त्याग मात्र १८९५ सालींच संपला नाहीं. १९०४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. मिशनचें वेतन होतें, कवि म्हणून कीर्ति होती, आयुष्य सन्मार्गानें चाललें होतें. तरीहि १९१७ सालीं त्यांनीं वेतन सोडून संन्यासवृत्ति पत्करली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोघांसहि ख्रिस्ताच्या बंधुत्वांत एकत्र बसतां यावें, हा त्यांचा हेतु होता. ९ मे १९१९ रोजीं ते वारले. त्यांच्यामागें दरबार फार काळ टिकला नाहीं. बाहेरून मोजणारा म्हणेल, प्रयत्न फसला. पण बाहेरचें माप लावावयाचें तर तो श्रीमंत मनुष्यच सर्वांत यशस्वी ठरतो. त्याच्या पदरचें कांहींच गेलें नाहीं!

प्रत्येकानें संन्यास घ्यावा असा याचा अर्थ नाहीं. त्यागाचाहि गर्व होतो, आणि भगव्या वस्त्राखालीं ‘मी’ सुखानें नांदूं शकतो. दररोज आपला वधस्तंभ उचलावा, असें ख्रिस्तानें शिष्यांस सांगितलें. त्यांतील ‘दररोज’ हा शब्द संसारी माणसाकरितांच आहे.

त्या थोरल्या भावाचा वधस्तंभ दूर नाहीं. एक पाळी सोडून धाकट्याच्या पाटांत पाणी वळविणें त्याला फारसें जड जाणार नाहीं. गांव वाहवा करील आणि दानाचें पुण्यहि पदरीं पडेल. खरें जड आहे तें पुढचें. संध्याकाळीं धाकट्याच्या दारांत उभें राहावें, चूक कोणाची याचा हिशेब न काढतां आपण होऊन त्याला हांक मारावी, आणि तो बोलला नाहीं तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. त्या हांकेचा शिलालेख कोणी कोरणार नाहीं. शिष्यत्वाचा आरंभ तेथूनच होतो.