मधल्या वयाची विचारपूस



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलंत, याबद्दल मंडळाचा आभारी आहे. साहित्य मला वाचकापुरतंच ठाऊक. पण बेळगावात, शहापूरच्या दवाखान्यात, पस्तीस वर्षं माणसांच्या हकिकती ऐकतो आहे. आज त्यातल्या एका वयाविषयी बोलतो. चाळीस ते पासष्ट.

या वयाचा माणूस सहसा स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही. आईच्या गुडघ्यासाठी येतो, मुलाच्या सर्दीसाठी येतो. निघताना, दारात चप्पल घालता घालता म्हणतो, ‘डॉक्टर, मला हल्ली झोप लागत नाही.’ त्याची खरी तक्रार तिथं सुरू होते.

या वयातले बदल आधी समजून घेऊ. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, पेपर हात लांब करून वाचावा लागतो. स्नायू कमी होत जातात, खाणं तेवढंच राहतं, म्हणून पोट सुटतं. रक्तदाब आणि साखर काही न जाणवता वाढतात. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या सुमारास थांबते. त्याआधी काही वर्षं ती अनियमित होते, अंगातून वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, मन उदास होतं. हा स्वभावातला दोष नव्हे.

सगळंच उतरणीला लागतं असंही नाही. अमेरिकेत सिएटल इथं शाय या मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी माणसांना पुन्हा तपासलं. झटपट ओळखण्याचा वेग तरुणपणानंतर कमी होत गेला. पण शब्दांची जाण आणि विचार करून उत्तर काढण्याची शक्ती मध्यमवयात उत्तम राहिली.

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे मांडले. सातवा टप्पा मध्यमवयाचा. पुढच्यांसाठी काही घडवायचं, जोपासायचं, की स्वतःतच साचून राहायचं, हा तिथला प्रश्न. आपण म्हणू, आम्ही तर दिवसरात्र दुसऱ्यांसाठीच राबतो. खरं आहे. पण ज्याची विचारपूस कुणीच करत नाही, त्याचं राबणं हळूहळू कोरडं होतं.

माझ्याच घरचं सांगतो. आमच्या शास्त्रात रोग्याला खूप विचारावं लागतं. तहान किती, ऊन सोसतं की थंडी, स्वप्नं कसली पडतात. नव्या रोग्याला मी तासभर देतो. त्याच काळात आमची सौ. रात्री उठून खिडकीपाशी बसायची, लहानसहान गोष्टींवर चिडायची. वडील अंथरुणाला खिळलेले, मुलगा बारावीला. मी तिला म्हणालो, ‘जरा शांत राहायला शीक.’ दोन वर्षं असंच चाललं.

दशलक्षण पर्वानंतर, क्षमावाणीच्या दिवशी, मी गल्लीभर क्षमा मागून घरी आलो. पाण्याचा तांब्या पुढे करत ती म्हणाली, ‘अहो, दवाखान्यात बायकांना इतकं विचारता. मला एकदा तरी विचारलंत का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री प्रथमच बसून ऐकलं. पाळीत कितीतरी रक्त जात होतं, ती अंगावर काढत होती. दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. डॉक्टरच्या घरात! उपचारांनी ती सावरली. पण मी तिची क्षमा मागितली, ती त्या वर्षीची खरी क्षमावाणी.

आपल्या घरांतली मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली. घरात म्हातारे आणि मधले उरले. दोन्हीकडचे फोन मधलेच उचलतात आणि ‘आम्ही मजेत’ म्हणून ठेवतात.

म्हणून दोन विनंत्या. एक डॉक्टर म्हणून: चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर माझ्या गोळ्यांच्या भरवशावर थांबू नका; लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुसरी घरचा माणूस म्हणून: आज घरी गेल्यावर, घरात जो किंवा जी मधली आहे, तिला ‘तुझं कसं आहे?’ असं विचारा. पहिलं उत्तर ‘बरं आहे’ असंच येईल. तरी उठू नका. थोडा वेळ बसून राहा.