पाणी कुठून येतं, ते आधी पाहा



पावसाळा आला की सोसायट्यांमध्ये एक भांडण हमखास उभं राहतं. छताला ओल धरते, पोपडे पडतात, आणि खालचे-वरचे एकमेकांशी बोलेनासे होतात. खर्च कोणी करायचा? डाग कुणाच्या घरात दिसतो यावर ते ठरत नाही. पाणी कुठून येतं यावर ठरतं.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही वाटणी स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेने करायची. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावर छताचा गिलावा पडला, तर तोही संस्थेनेच करून द्यायचा. 'गळतं तुमच्याकडे, तुम्हीच बघा,' असं समितीला म्हणता येत नाही. गच्ची सगळ्यांची आहे. म्हणून दुरुस्ती निधी तळमजल्यावरच्या सभासदानेही भरायचा असतो.

पाणी वरच्या घराच्या बाथरूममधून, संडासातून किंवा सिंकखालून येत असेल, तर मात्र खर्च त्या सभासदाचा. समितीने पूर्वसूचना दिली की पाहणीसाठी दार उघडणं हे त्याचं कर्तव्य आहे.

१९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींत सामाईक भागाचा खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. इमारत नवी असेल, तर रेरा कायद्याचं कलम १४ लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो.

म्हणून तोंडी तक्रारीवर थांबू नका. तारीख घालून अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा. उगमाबद्दल वाद असेल, तर अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. तरीही संस्था हलली नाही, तर सहकार न्यायालय आहे, ग्राहक आयोग आहे. आयोगाकडे सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

आणि वरच्या मजल्यावरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. खालून तक्रार आली, तर तिला भांडण समजू नका. ओल स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटतं. तो स्लॅब खालच्यांचं छत आहे, तशीच तुमच्या पायाखालची जमीनही आहे.